सतरा नंबरचे आठ अंश

"तू नसलीस तर दूध नासणार आहे का तिथलं?" ताईनं फोनवर विचारलं.

रीडिंगबाई जेवणाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे उभी होती. कारखान्यात धड ऐकू येईल अशी तेवढीच एक जागा होती. ताईचा खुबा मोडला त्याला पाच आठवडे झाले होते. ऑपरेशन झालं, दवाखान्यानं घरी पाठवलं, आणि आता शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन तिला उठवून बसवत होती. शेजारणीलाही तिचं घर होतं. ती तरी किती दिवस करणार?

"नासणार नाही," रीडिंगबाई म्हणाली. "पेटेल."

"दूध पेटतं होय? बाई गं, थाप तरी जरा बरी मार."

"दुधाची पावडर पेटते, ताई."

"बरं, पेटू दे. विझवायला तिथे दुसरं माणूस नाही? सरळ सांग ना, यायचं नाहीये. मी काही रडत बसणार नाही. आई गेल्यावर तुला मी वाढवलं एवढंच म्हणेन, आणि ते मी तीनदा म्हणून झालंय."

रीडिंगबाईनं "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. तिचं हे "बघते" ताईला पाठ झालं होतं. कारण मात्र माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि बाईचा सगळा घोळ तोच होता.

तिला रीडिंगबाई का म्हणत ते आधी सांगते. दुधाची पावडर करायचा चार मजली उंच लोखंडी टॉवर होता. वरून दुधाचा फवारा सोडायचा, त्यात वाफेवर तापवलेली गरम हवा घालायची, खाली पावडर पडते. साधं वाटतं, पण सगळा खेळ उष्णतेचा. कमी पडली तर पावडरीचे गोळे होतात, जास्त झाली तर भिंतीला चिकटलेली पावडर आतल्या आत धुमसते आणि एखाद्या दिवशी भडकते. म्हणून टॉवरवर बत्तीस जागी रीडिंग घ्यायचं, म्हणजे तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. हे काम छत्तीस वर्षं ही एकटी बाई करत होती. बी.एस्सी. होऊन नोकरीला लागली ती याच कामाला, आणि आता निवृत्तीला आठ महिने उरले तरी याच कामावर. मधल्या काळात लग्न केलं नाही. त्याची कारणं तिनं कुणाला सांगितली नाहीत, त्यामुळे आपणही नाक खुपसायचं कारण नाही. तासाला एक फेरी, दिवसाला दहा फेऱ्या. अक्षर असं की छापल्यासारखं. नवा माणूस कामावर आला की साहेब त्याला तिच्या वह्या दाखवत आणि म्हणत, "काम असं करायचं असतं."

त्या वह्यांत एक आकडा खोटा होता. सतरा नंबरचा.

सतरा नंबरची जागा सगळ्यात वर, जिथून गरम हवा टॉवरबाहेर पडते त्या नळाच्या तोंडाशी. तिथे जायला चौथ्या मजल्यावरून उभी शिडी. अकरा वर्षांपूर्वी बाई त्या शिडीवरून घसरली आणि तिचा उजवा गुडघा कामातून गेला. दिवसातून दहा वेळा ती शिडी चढणं शक्यच नव्हतं. तसं साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं माणूस नेमलं असतं आणि हिला पॅकिंगला बसवलं असतं. पिशव्या मोजायला! बाईला ते मरणाहून वाईट वाटलं. मग तिनं डोकं चालवलं. तोच नळ तिसऱ्या मजल्यावरून खाली येतो, तिथे थर्मामीटर घालायला एक भोक होतं. तिनं दोन महिने लंगडत लंगडत वर जाऊन ताळा घेतला. खालचा आकडा वरच्यापेक्षा बरोबर सहानं कमी. कधीही बघा, सहा. म्हणून त्यानंतर ती तिसऱ्या मजल्यावरच बघायची, सहा मिळवायची आणि सतरा नंबरपुढे लिहायची. यात तिला फसवणूक वाटली नाही. हिशेबच तर होता.

चूक पुढे झाली. मधल्या वर्षांत त्या नळावरचं उष्णता धरून ठेवणारं आवरण पावसापाण्यानं कुजून गळून पडलं. कुणी नवं घातलं नाही. उघड्या नळातून हवा खाली येईपर्यंत जास्त गार होऊ लागली. फरक सहाचा आठ झाला, दहा झाला, चौदावर जाऊन थांबला. बाई मात्र सहाच मिळवत राहिली. पुन्हा ताळा घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. जी बाई दुसऱ्याच्या वहीतली खाडाखोड लांबून ओळखायची, ती आपल्याच सहावर डोळे मिटून बसली!

त्यातही काही बिघडत नव्हतं, कारण टॉवर माणूस चालवत होता. टॉवर चालवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. सतरा नंबरला नव्वदच्या वर जायचं नाही हा नियम, आणि मास्तर इतका भित्रा की ऐंशीच्या वर गेलं की त्याला घाम फुटायचा. वहीत ऐंशी म्हणजे खरे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे मास्तरच्या भित्रेपणावर कारखाना उभा होता, आणि हे ना मास्तरला ठाऊक होतं ना बाईला.

मग डब्या आल्या.

साबणाच्या डबीएवढ्या पांढऱ्या बत्तीस डब्या. प्रत्येकीत बॅटरी, डोक्यावर बोटभर शेंडी, पोटातून निघालेली लांब धातूची सळई नळाच्या आत. तारा नाहीत, काही नाही. एका डबीनं आपलं तापमान शेजारच्या डबीला कळवायचं, तिनं पुढच्या, असं करत खालच्या खोलीतल्या पडद्यावर. पडद्यामागचं यंत्र ते वाचून वाफेचा नळ आपणच कमीजास्त करणार. डब्या बसवायला एक तरुण इंजिनियर मुलगी आली. तिला पहिल्याच दिवशी डबीवाली हे नाव पडलं, आणि तिनं ते हसून घेतलं.

पंधरा दिवस डब्या आणि वही शेजारी शेजारी चालल्या. एकतीस जागी आकड्याला आकडा जुळला. सतरा नंबर मात्र रोज आठानं जास्त. डबीवालीनं डबी बदलली. नवीही आठानंच जास्त. तिसरी आणली, तीही तशीच.

"बाई, तुम्ही वर जाऊन बघितलंत ना?" तिनं विचारलं.

"बघितलं," बाई म्हणाली.

अकरा वर्षं जे हातून झालं होतं ते त्या दिवशी तोंडून झालं. तिची खात्री होती की डबीच चुकतेय. आणि समोर साहेब उभे होते. ते म्हणाले, "बाईंची वही आणि तुझी डबी यांत मी वहीवर विश्वास ठेवीन." डबीवालीनं मान डोलावली. वरच्या भिंतीच्या धगीनं तिथली प्रत्येक डबी कायमची बिघडून जास्त दाखवत असेल असा तर्क केला, आणि यंत्राला सांगून ठेवलं की सतरा नंबर जे म्हणेल त्यातून आठ वजा कर.

यंत्राला भीती नसते. नव्वदच्या वर जाऊ नको म्हटलं की ते एकोणनव्वदवर निवांत उभं राहतं. उत्पादन वाढलं, साहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. एकोणनव्वद म्हणजे खरे सत्त्याण्णव.

हे बाईला कळलं ते वासानं. टॉवर सकाळी सातला सुरू व्हायचा, संध्याकाळी पाचला बंद करून धुवायचा. तीन-एक महिन्यांनी धुलाईवाल्यानं तिला हाक मारली. त्याच्या घमेल्यात भिंतीवरून खरवडलेले पोपडे होते. पूर्वी ते सायीच्या रंगाचे असत. आता भाजल्या बिस्किटासारखे तपकिरी, आणि करपल्या दुधाचा वास.

"बाई, हे असं पूर्वी येत नव्हतं. वर काही जळतंय का?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती थर्मामीटर घेऊन शिडी चढली. एकेका पायरीवर थांबत, डावा पाय आधी, उजवा मागून ओढत. वर शहाण्णव. खाली आली तर पडद्यावर अठ्ठ्याऐंशी. ती बायकांच्या न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली आणि हिशेब करत राहिली. सहा. सहा. मग उठून तिसऱ्या मजल्यावर गेली, उघड्या नळाकडे नुसती बघत राहिली, आणि तिला सगळं कळलं.

आता बोलायचं की नाही? बोलावं तर "बघितलं" म्हणाली होती त्याचं काय, आणि छत्तीस वर्षांच्या वह्यांचं काय? एक आकडा खोटा म्हटला की कुणी बाकीच्या एकतीसांवर विश्वास ठेवत नाही. गप्प बसावं तर टॉवरपाशी रोज चौदा माणसं काम करत होती. बाईनं तिसरीच वाट काढली, आणि ती वाट म्हणजे कोठडी निघाली. यंत्राच्या नळाच्या आधी वाफेच्या पाइपावर एक जुनं, हातानं फिरवायचं चाक होतं. ते दीड फेरा आवळलं की यंत्रानं आपला नळ कितीही उघडला तरी वाफ मर्यादेतच यायची आणि सतरा नंबर खऱ्या नव्वदच्या खाली राहायचा. रोज सकाळी सात वाजून दहाला, मास्तर पडद्यापुढे बसला की, बाई मागून जाऊन चाक आवळायची. संध्याकाळी धुलाईला भरपूर वाफ लागे म्हणून धुलाईवाला ते पूर्ण उघडायचा. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाई. आता वही नव्हती, फेरी नव्हती, डब्यांनी तिला मोकळं केलं होतं. सगळे म्हणायचे, "बाई, आता मजा आहे तुमची, जरा हिंडून या." आणि बाई चार महिने एका चाकाला बांधलेली. ताप आला तरी कामावर. दात काढला त्या दिवशी गालात कापूस धरून कामावर. मग ताईचा खुबा मोडला. ती गेली तर टॉवर जाईल, बोलली तर ती जाईल. रात्री अंथरुणावर पडली की उजव्या मुठीत ते चाक असल्यासारखं वाटायचं.

ताईच्या त्या फोननंतर चारच दिवसांत प्रकरण अंगावर आलं. उत्पादन घटलं म्हणून साहेबांनी डबीवालीला बोलावलं. ती दिवसभर पडद्यापुढे बसली आणि संध्याकाळी तिनं साहेब, मास्तर, बाई या तिघांना जवळ बोलावलं.

"वाफेच्या पाइपावरही आपली एक जादा डबी आहे," ती म्हणाली. "हे बघा. रोज सकाळी सात-दहाला पाइप एकदम गार होतो. रोज. चार महिने. फक्त सुट्टीच्या वारी नाही."

"चाकात काहीतरी अडकत असेल," मास्तर म्हणाला. "जुनंपुराणं लोखंड ते."

"घड्याळ बघून अडकतं?"

"आमच्याकडे सगळं घड्याळावरच चालतं हो, एक तुमच्या डब्या सोडून."

साहेबांना वाद नको होता. "काढूनच टाका ते चाक. उद्या सुट्टी आहे. फिटरला सांगा, चाक कापून सरळ पाइप जोडून दे."

बाईला वाटलं आपल्याच गळ्याला आरी लागली. परवा सकाळी सातला टॉवर सुरू होणार, आणि मध्ये हात घालायला काही उरणार नाही.

"चाक मी फिरवते," ती म्हणाली.

बाईनं सगळं सांगितलं. शिडी, गुडघा, सहा, आवरण, तपकिरी पोपडे. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा बोलली नसती. सांगून झाल्यावर तिला अपेक्षा होती की साहेब ओरडतील. साहेबांनी खुर्ची पुढे केली. हे जास्त वाईट होतं.

"बसा, बाई. मला समजतं. छत्तीस वर्षांचं काम एका डबीनं काढून घेतलं की माणसाला राग येतो. माझ्या वडिलांनी नवा पंखा आला तेव्हा आठवडाभर जेवण सोडलं होतं."

"मला राग नाही आला. आकडा खोटा आहे."

"तुमच्या वह्या तीन वेळा तपासणीला गेल्यात. एकदाही चूक निघाली नाही."

"कारण तपासणारेही वर चढले नाहीत!"

मास्तरनं साहेबांकडे बघून हळूच डोक्याशी बोट नेलं. बाईनं ते पाहिलं. अकरा वर्षं खोटं लिहिलं तेव्हा सगळ्यांनी डोक्यावर घेतलं, आणि आज खरं बोलते तर डोकं फिरलेली ठरते. साहेब मायेनंच म्हणाले, "बहिणीकडे जाऊन या महिनाभर. फिटर उद्या येईल." रजा अशी समोर आली आणि बाईला ती घेता येईना.

डबीवाली मात्र पडद्यावरचे आकडे पुन्हा बघत होती. बाईनं तिचं मनगट धरलं.

"तू शिकलेली आहेस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ह्यांच्यावरही नको. ती सतरा नंबर खाली आण. तार नाही ना तिला? मग आण की."

"टॉवर आता बंद झालाय, आणता येईल. आणून काय करू?"

"चहाची किटली आहे."

डबीवाली शिडीकडे धावली. वीस मिनिटांनी ती सतरा नंबरची डबी सळईसकट काखोटीला मारून खाली आली. येता येता दुसऱ्या मजल्यावरची नऊ नंबरचीही काढून आणली. ते तिचं तिलाच सुचलं. मास्तरनं कुरकुरत किटली शेगडीवर ठेवली. पाणी खळखळ उकळायला लागल्यावर डबीवालीनं दोन्ही सळया एकदम पाण्यात धरल्या. सगळे पडद्याकडे वळले. आकडे चढले, चढले आणि थांबले.

नऊ नंबर: शंभर. सतरा नंबर: ब्याण्णव.

"एका किटलीत दोन तऱ्हेचं पाणी आहे का गं?" बाईनं विचारलं.

डबीवालीनं पडद्यावर बोट नेऊन ते वजा आठ पुसलं. ब्याण्णवचे शंभर झाले. मास्तर खुर्चीत बसला. "म्हणजे मी सत्त्याण्णववर चालवत होतो," तो म्हणाला. "बाई, माझी बायको तिकडे पॅकिंगला आहे हो." पुढे त्यानं जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण ते सगळं बाईला उद्देशून होतं आणि तिनं ऐकून घेतलं. त्यात चूक काही नव्हतं.

इथे बाई सुटली असं वाटेल. नाही सुटली. साहेबांची माया किटलीतल्या वाफेबरोबर उडून गेली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी कागद आला. कामावर येऊ नये, चौकशी होईल, चौकशी संपेपर्यंत गाव सोडू नये, बोलावलं की हजर व्हावं. टॉवर आता खऱ्या आकड्यावर चालत होता, चाकाला कुणाची गरज नव्हती, आणि बाई आपल्या दोन खोल्यांत अडकली. दाराशी पाऊल वाजलं की उठायची. एक आठवडा गेला. तीन गेले. बोलावणं नाही. ताईला तिनं सगळं सांगितलं, तेव्हा ताई म्हणाली, "शेजारीण पुढच्या सोमवारपासून येणार नाही. तिच्या सुनेचे दिवस भरलेत. मी भिंत धरून चालून बघितलं काल. दोन पावलं झाली."

"पडशील!"

"पडले की तुला कळवते."

चौथ्या आठवड्यात डबीवाली भेटायला आली. पाण्याचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"बाई, तुम्ही कशाची वाट बघताय? चौकशी होणार नाही. चौकशी करायची म्हणजे कागदावर लिहायला हवं की अकरा वर्षं आकडा खोटा होता आणि कुणी बघितलं नाही. ते साहेब लिहिणार नाहीत. तुमच्या निवृत्तीची तारीख येईपर्यंत तुम्हाला इथेच ठेवतील."

"आणि वह्या?"

"तशाच कपाटात. काल एका नव्या माणसाला दाखवल्या."

डबीवाली गेल्यावर बाई टेबलाशी बसली. कोरा कागद घेतला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सतरा नंबरच्या जागेचं तापमान मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, दुसऱ्या जागेवरून अंदाजानं लिहिलं आहे, तो अंदाज चुकीचा होता, त्या काळातला त्या जागेचा एकही आकडा खरा धरू नये. खाली सही. अक्षर नेहमीचंच, छापल्यासारखं. दुसरी प्रत काढली. मग कपाटावरची बॅग खाली घेतली.

सकाळी कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं नाही. तिनंही आग्रह धरला नाही. फाटकाला लागून टपाल घेण्याची खोली होती, तिची खिडकी बाहेर उघडायची. तिथल्या कारकुनानं कागद घेतला, वाचायला लागला आणि अर्ध्यावर थांबून तिच्याकडे पाहिलं.

"बाई, हे साहेबांना आधी दाखवलंय का?"

"तू शिक्का मार. दोन्ही प्रतींवर."

"साहेब मला..."

"शिक्का मारायचं काम तुझं आहे ना? मग मार. वाचायचं काम त्यांचं."

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि शिक्का मारला. एका प्रतीवर, मग दुसऱ्या. तारीख घातली. बाईनं आपली प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. कारकुनाची नजर तिच्या पायाशी असलेल्या बॅगेवर गेली.

"तुम्हाला गाव सोडायचं नाही असा हुकूम आहे म्हणे."

"आहे."

"मग ह्याचं उत्तर कुठे पाठवायचं?"

बाईनं खिडकीतून हात घालून त्याचं पेन घेतलं आणि पत्त्याच्या जागी ताईचा पत्ता लिहिला.